टॉमकॅट क्लस्टरवर वॉर चढवताना अडलात तर कुठल्या क्रमाने शोधायचं

तक्रार साधारण अशी येते. वॉर (जावा ॲपची एकत्र बांधलेली फाइल) तिन्ही नोडवर (क्लस्टरमधल्या मशीनवर) टाकली, टॉमकॅट (ती वॉर चालवणारा सर्व्हर) रिस्टार्ट केला, आता पहिला नोड चालतोय, दुसरा ४०४ देतोय, आणि तिसऱ्यावर लॉगिन होतं पण पुढच्या क्लिकला परत लॉगिनचंच पान येतं. मग घाईघाईत तिन्ही नोड पुन्हा रिस्टार्ट होतात, कोणीतरी सर्व्हर.एक्सएमएलमध्ये काहीतरी बदलतं, कोणी लोड बॅलन्सरच्या (येणारी वर्दळ नोडमध्ये वाटणाऱ्या सर्व्हरच्या) कॉन्फिगला हात लावतं, आणि अर्ध्या तासाने मुळात काय बिघडलं होतं हे कोणालाच सांगता येत नाही. मूळ चूक बहुतेक वेळा छोटीच असते, ती क्रम चुकल्यामुळे वाढते. एका वेळी एकच नोड, आणि त्या नोडला थेट विचारल्याशिवाय लोड बॅलन्सरकडे बघायचं नाही, एवढं धरून ठेवलंत तरी निम्मी रात्र वाचते.

खाली धरलेली मांडणी नेहमीची आहे: लिनक्सवर तीन टॉमकॅट, समोर लोड बॅलन्सर म्हणून एनजिनएक्स किंवा एचएप्रॉक्सी, मागे एकच पोस्टग्रेस डेटाबेस. तुमच्याकडे मायएसक्यूएल असेल तरी क्रम तोच.

## १. हात लावायच्या आधी

जावा कुठलं चालू आहे ते लॉगमधून बघा. तुम्ही लॉगिन करून जावाची व्हर्जन विचारता ती तुमच्या शेलची असते, सर्व्हिस म्हणून चालणारा टॉमकॅट दुसरंच जावा वापरत असू शकतो. कॅटालिना.आउट (टॉमकॅटचा मुख्य लॉग) उघडा, सुरुवातीच्या ओळींमध्ये टॉमकॅटची व्हर्जन, जेव्हीएमची (जावा चालवणाऱ्या प्रोसेसची) व्हर्जन आणि कुठल्या फ्लॅगनी सुरू झालाय हे सगळं छापलेलं असतं. तिन्ही नोडच्या त्या ओळी शेजारी शेजारी ठेवून ताडून बघा. 'अनसपोर्टेड क्लास व्हर्जन' असा एरर आला तर त्यातला आकडा वाचा: ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७, ६५ म्हणजे २१. बिल्ड करणाऱ्या मशीनवर १७ आणि एका नोडवर ११ राहिलं असेल तर तो एकच नोड पडणार.

टॉमकॅट ९ की १०, हे नक्की करा. टॉमकॅट १० पासून पॅकेजची नावं जावाएक्स वरून जकार्ता झाली. स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कच्या २ ची वॉर जावाएक्सवाली, बूट ३ ची जकार्तावाली, आणि बूट ३ ला किमान जावा १७ लागतं. इथे फसवणारी गोष्ट अशी की बूट ३ ची वॉर टॉमकॅट ९ वर टाकली तर बऱ्याचदा काहीच एरर येत नाही, वॉर उघडते, लॉग शांत असतो, आणि प्रत्येक यूआरएलला ४०४. टॉमकॅटला त्या वॉरमध्ये सुरू करण्यासारखं काही ओळखीचंच सापडत नाही, म्हणून तो गप्प बसतो. उलट्या जोडीलाही हेच होतं. लॉगमध्ये स्प्रिंगचा बॅनर दिसला नाही तर कंट्रोलर तपासत बसू नका, आधी ही जोडी तपासा.

वॉरचा चेकसम (फाइल तीच आहे का हे ताडायचा आकडा) घ्या. बिल्ड सर्व्हरवर एकदा शा-२५६ काढा आणि कागदावर नाही तर रिलीजच्या तिकिटात चिकटवून ठेवा, पुढे प्रत्येक नोडवर ताडायचाय.

कनेक्शनचा हिशोब करा. पोस्टग्रेसमध्ये काही बदललं नसेल तर एकूण कनेक्शनची मर्यादा १०० असते, त्यातली ३ सुपरयूजरसाठी राखीव. प्रत्येक नोडचा पूल (उघडी धरून ठेवलेली डेटाबेस कनेक्शन) ४० चा ठेवलात तर तीन नोडचे १२० होतात. दोन नोड मजेत चालतात, तिसऱ्याला 'टू मेनी क्लायंट्स' म्हणून दार बंद, आणि माणूस तिसऱ्या नोडमध्ये दोष शोधत बसतो. मायएसक्यूएलची मर्यादा मुळात १५१ आहे, हिशोब तसाच.

जुनी वॉर बाजूला ठेवा, वेबॅप्स फोल्डरच्या (टॉमकॅट जिथून वॉर उचलतो त्याच्या) बाहेर. वेबॅप्समध्येच नाव बदलून 'जुनी.वॉर' अशी ठेवलीत तर टॉमकॅट तीही उचलून चालवतो, आणि मग तुमचे शेड्यूल केलेले जॉब दोन-दोनदा चालतात.

> तपासा: तिन्ही मशीनची घड्याळं एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या सेवेने) जुळलेली आहेत ना? घड्याळ पुढे-मागे असेल तर सेशन (लॉगिन झालेल्या माणसाच्या सर्व्हरवरच्या नोंदी) वेळेआधी संपल्यासारखी वागतात, आणि तीन लॉग एकत्र वाचणंही अशक्य होतं.

## २. लक्षण बघून थर ओळखा

ब्राउझरमधला आकडा कोणी दिला हे आधी ओळखायचं.

५०२ म्हणजे एनजिनएक्स जिवंत आहे पण मागचा टॉमकॅट कनेक्शन घेत नाहीये किंवा मध्येच तुटलाय. ५०४ म्हणजे टॉमकॅटने कनेक्शन घेतलं पण वेळेत उत्तर दिलं नाही, एनजिनएक्स मुळात ६० सेकंद थांबतो. एचएप्रॉक्सीकडून ५०३ आला तर त्याच्या मते एकही नोड धड नाही. आणि टॉमकॅटच्या पद्धतीचं ४०४ चं पान दिसलं तर नेटवर्क, पोर्ट, लोड बॅलन्सर सगळं ठीक आहे, तुमचं ॲप तिथे उभंच राहिलेलं नाही किंवा वॉरच्या नावामुळे पाथ बदललाय. 'ऑर्डर्स-२.३.वॉर' अशी टाकलीत तर पाथही तसाच होतो. पाथ तोच ठेवून व्हर्जन लिहायची असेल तर नावात दोन हॅश द्यायचे, 'ऑर्डर्स##२३.वॉर', हॅशच्या पुढचा भाग टॉमकॅट पाथमध्ये धरत नाही.

कधी चालतं कधी नाही, असं असेल तर जवळपास नक्कीच एकच नोड बिघडलेला आहे. तो कुठला हे पान रिफ्रेश करून कळणार नाही, पाचव्या टप्प्यात कळेल.

## ३. एक नोड बाहेर काढा आणि नीट बंद करा

एचएप्रॉक्सी असेल तर नोड 'ड्रेन' करा. म्हणजे नवीन लोक तिकडे जात नाहीत, जे आधीपासून तिथे चिकटलेले आहेत त्यांचं काम चालू राहतं. 'मेंटेनन्स' केलंत तर त्यांच्याही पुढच्या रिक्वेस्ट तिकडे जात नाहीत. साध्या एनजिनएक्समध्ये अपस्ट्रीमच्या (मागच्या नोडच्या यादीतल्या) त्या ओळीला 'डाउन' लिहायचं, कॉन्फिग टेस्ट करायचं, मग रिलोड. टेस्ट न करता थेट रिस्टार्ट मारून सगळी साइट खाली आणलेले लोक मी पाहिलेत, एका विसरलेल्या सेमीकोलनपायी.

आता टॉमकॅट थांबवा आणि प्रोसेस खरंच गेली का ते बघा. शटडाउनची स्क्रिप्ट परत आली म्हणजे जेव्हीएम बंद झाली असं नाही. ॲपने स्वतःचे थ्रेड उघडून बंद केले नसतील तर पोर्ट ८०८० वरचं ऐकणं थांबतं पण प्रोसेस तशीच लटकून राहते, तिच्याकडची डेटाबेस कनेक्शनही तशीच. वर नवा टॉमकॅट उठवला की एकाच मशीनवर दोन-दोन पूल. लटकलेली प्रोसेस मारायच्या आधी एकदा जेस्टॅक (सगळे थ्रेड काय करतायत त्याची नोंद) काढून ठेवा, कुठला थ्रेड सोडत नाहीये त्याचं नाव त्यात मिळतं आणि तो बग एकदाचा दुरुस्त करता येतो.

> थांबा: लोकांनी अपलोड केलेल्या फाइली ॲपच्या उघडलेल्या फोल्डरमध्येच साठवत असाल तर पुढची पायरी करू नका. आधी त्या बाहेर हलवा. नवीन वॉर चढली की तो फोल्डर पुसला जातो, आणि फाइल त्या एकाच नोडवर असल्यामुळे बाकी नोडवरही ती नसते.

## ४. फाइल ठेवायची पद्धत

इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात आणि चूक दिसतही नाही.

टॉमकॅट चालू असताना वॉर एससीपीने सरळ वेबॅप्समध्ये कॉपी केली जाते. ऑटोडिप्लॉय (नवी वॉर आपोआप चढवणं) मुळात चालूच असतो, टॉमकॅट दर काही सेकंदांनी फोल्डर बघतो, त्याला फाइल दिसते, तो उघडायला घेतो, आणि फाइल अजून अर्धीच आलेली असते. लॉगमध्ये झिपचा एरर येतो, 'एंड हेडर नॉट फाउंड'. फाइल छोटी आणि नेटवर्क जलद असेल तर हे कधीच होत नाही, म्हणून टेस्ट सर्व्हरवर सगळं छान आणि लाइव्हवर तिसऱ्या वेळी फटका. उपाय: वॉर आधी त्याच डिस्कवरच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये आणा, चेकसम ताडा, आणि मग एमव्ही कमांडने वेबॅप्समध्ये सरकवा. एकाच फाइलसिस्टमवर एमव्ही म्हणजे फक्त नाव बदलणं, अर्धी फाइल कोणाला दिसायचा प्रश्नच नाही. डिस्क वेगळी असेल तर मात्र एमव्ही सुद्धा आतून कॉपीच करतं, हे लक्षात असू द्या. क्लस्टरवर ऑटोडिप्लॉय बंदच ठेवावा असं माझं ठाम मत आहे.

क्रम असा:

१. टॉमकॅट बंद असताना जुनी वॉर आणि तिचा उघडलेला फोल्डर, दोन्ही काढा.

२. वर्क फोल्डरमधला त्या ॲपचा भाग काढा, नाहीतर जुनी कंपाइल झालेली जेएसपी पानं राहू शकतात.

३. कॉन्फ फोल्डरच्या आत कॅटालिना, त्याच्या आत लोकलहोस्ट, तिथे तुमच्या ॲपच्या नावाची एक्सएमएल फाइल आहे का बघा. ती पुसू नका, वाचा. ती असेल तर वॉरच्या आतल्या कॉन्टेक्स्ट.एक्सएमएलपेक्षा तिचंच ऐकलं जातं. दोन वर्षांपूर्वी कोणी त्यात जुन्या डेटाबेसचा पत्ता लिहून ठेवला असेल तर नव्या वॉरमध्ये कितीही बदल करा, नोड जुन्याच डेटाबेसला जाणार.

४. नवीन वॉर सरकवा, मालक टॉमकॅटचा यूजर करा. रूट म्हणून कॉपी केलेली फाइल टॉमकॅटला वाचताच आली नाही तर नोड उठतो पण ॲप नसतं.

> थांबा: टॉमकॅट चालू असताना आणि ऑटोडिप्लॉय चालू असताना वेबॅप्समधली वॉर पुसलीत तर तो ॲप काढून टाकतो, आणि सोबत वरची ती एक्सएमएल फाइलही पुसतो. त्यात डेटाबेसचा पासवर्ड असतो, आणि कॉपी कोणाकडेच नसते.

> तपासा: मेमरीचे फ्लॅग बिन फोल्डरमधल्या सेटएन्व्ह फाइलमध्ये आहेत का? ती फाइल टॉमकॅटसोबत येत नाही, आपणच बनवायची असते, त्यामुळे नव्याने जोडलेल्या नोडवर ती हमखास विसरली जाते.

## ५. नोड उठवा, योग्य लॉग वाचा, थेट विचारा

सुरू करा आणि कॅटालिना.आउट चालू ठेवून बघत रहा. 'डिप्लॉयमेंट हॅज फिनिश्ड' ही ओळ आली की लोक हुश्श करतात. ही ओळ ॲप पडलं तरी येते. शेवटची 'सर्व्हर स्टार्टअप इन' ही ओळ सुद्धा येते. त्यांच्या आधी 'कॉन्टेक्स्ट स्टार्टअप फेल्ड ड्यू टू प्रीव्हियस एरर्स' असं आहे का ते शोधायचं.

आणि ते सापडलं की पुढचा घोळ. तिथे लिहिलेलं असतं की एक किंवा अधिक लिसनर सुरू झाले नाहीत, पूर्ण तपशील योग्य त्या कंटेनर लॉगमध्ये बघा. मंडळी तासभर कॅटालिना.आउटच वर-खाली करतात. खरा स्टॅक ट्रेस लॉग्स फोल्डरमधल्या लोकलहोस्टने सुरू होणाऱ्या, त्या दिवसाची तारीख असलेल्या फाइलमध्ये असतो. ती उघडा, आणि ट्रेसच्या तळाशी जा. सगळ्यात शेवटचं 'कॉज्ड बाय' हेच बहुतेक वेळा खरं कारण, वरचे सगळे त्याचे निरोपे.

नोड उठायलाच खूप वेळ घेत असेल आणि लॉगमध्ये सिक्युअर रँडम बनवायला इतके मिलिसेकंद लागले अशी ओळ असेल, तर जुन्या कर्नलच्या व्हर्च्युअल मशीनवर एन्ट्रॉपी (यादृच्छिक आकडे बनवायचा कच्चा माल) कमी पडतेय. जावाला यूरँडमकडे वळवणारा फ्लॅग द्या. नव्या कर्नलवर हा त्रास जवळपास गेलाय.

आता लोड बॅलन्सरला बाजूला ठेवून त्याच मशीनवरून कर्लने (यूआरएल मागवणाऱ्या कमांडने) ८०८० पोर्टला विचारा, पूर्ण पाथ देऊन, आणि होस्ट हेडरमध्ये खरं डोमेन देऊन. नुसतं मुळाचं पान मागू नका. रूटला टॉमकॅटचं स्वतःचं स्वागताचं पान बसलेलं असेल तर तुमचं ॲप मेलेलं असतानाही २०० मिळतो. नेमकी हीच चूक लोड बॅलन्सरच्या हेल्थ चेकमध्येही असते: चेक रूटवर, उत्तर २००, नोड हिरवा, आणि ग्राहकाला ४०४. हेल्थ चेकसाठी ॲपच्या आतलं पान द्या.

> तपासा: नोडच्या थेट पोर्टवर हेल्थ पान, लॉगिन, आणि डेटाबेसमधून वाचणारं एक तरी पान, हे तिन्ही चाललं तरच पुढे. एक जरी अडलं तरी दुसऱ्या नोडला हात लावायचा नाही.

## ६. सेशन हरवतंय

लॉगिन होतं आणि पुढच्या क्लिकला बाहेर, ही तक्रार बहुतेक वेळा इथली.

पहिलं, जेव्हीएमरूट. सर्व्हर.एक्सएमएलमध्ये इंजिनच्या ओळीत प्रत्येक नोडचं नाव वेगळं हवं. एका नोडची फाइल तिन्हीकडे कॉपी होते आणि तिघांचं नाव 'नोड१' राहतं, मग त्या नावावर चिकटवणारा बॅलन्सर सगळ्यांना एकीकडेच ढकलतो. ब्राउझरमध्ये सेशनच्या कुकीच्या शेवटी टिंबानंतर नोडचं नाव दिसतं, तिथेच लगेच कळतं.

दुसरं, सेशन कॉपी व्हायला हवं असेल तर वेब.एक्सएमएलमध्ये डिस्ट्रिब्युटेबलची खूण हवी, आणि सेशनमध्ये ठेवलेली प्रत्येक वस्तू सीरियलायझेबल (बाइटमध्ये बदलून पाठवता येईल अशी) हवी, तिच्या पोटातल्या वस्तूंसकट.

तिसरं, डेव्हलपरना न पटणारं: सेशनमधली यादी काढून तिच्यातच भर घातली तर ती भर दुसऱ्या नोडला कळत नाही. डेल्टा मॅनेजर (टॉमकॅटचा सेशन कॉपी करणारा भाग) फक्त सेटॲट्रिब्यूट बोलावल्यावर बदल पाठवतो. एका नोडवर कार्टमध्ये तीन वस्तू, दुसऱ्यावर दोनच दिसतात, तेव्हा बदल केल्यावर तीच यादी पुन्हा सेटॲट्रिब्यूटने ठेवली आहे का ते बघा.

चौथं, नोड एकमेकांना दिसतात का. मुळातली सेटिंग असेल तर ते मल्टिकास्टने (एकाच वेळी अनेकांना जाणाऱ्या नेटवर्क संदेशाने) २२८.०.०.४ या पत्त्यावर, पोर्ट ४५५६४ वर एकमेकांना हाका मारतात, आणि सेशनचा माल टीसीपीने ४००० पासूनच्या पोर्टवर जातो. फायरवॉलमध्ये दोन्ही हवेत, पहिला यूडीपी. ॲमेझॉनसारख्या क्लाउडच्या साध्या नेटवर्कवर मल्टिकास्ट सहसा चालत नाही, तिथे सदस्यांची यादी स्थिर लिहावी लागते किंवा सेशन बाहेर, रेडिससारख्या ठिकाणी ठेवावं लागतं.

माझी एक अख्खी रात्र इथे गेली आहे. फायरवॉल उघडी, मल्टिकास्ट चालू, लॉगमध्ये 'रेप्लिकेशन मेंबर ॲडेड' अशी ओळ सुद्धा येत होती, तरी सेशन एकाही नोडवरून दुसऱ्यावर जात नव्हतं. पहाटे त्या ओळीतला महिरपी कंसातला पत्ता वाचला: १२७, ०, १, १. उबंटूच्या होस्ट्स फाइलमध्ये मशीनचं नाव १२७.०.१.१ ला जोडलेलं असतं, रिसीव्हरचा (दुसऱ्या नोडकडून सेशन घेणाऱ्या भागाचा) पत्ता 'ऑटो' ठेवला की टॉमकॅट तोच उचलतो, आणि प्रत्येक नोड बाकीच्यांना सांगत बसतो की मला १२७.०.१.१ वर भेटा. समोरचा तिथे जातो म्हणजे स्वतःच्याच घरी जातो. रिसीव्हरला खरा आयपी लिहिला आणि दोन मिनिटांत सगळं सुरू झालं. तेव्हापासून 'मेंबर ॲडेड' दिसलं की मी आधी त्यातला पत्ता वाचतो.

> तपासा: पहिल्या नोडवर थेट लॉगिन करा, मिळालेली कुकी घेऊन दुसऱ्या नोडच्या थेट पोर्टवर तेच पान मागा. मग पहिला नोड बंद करून पुन्हा मागा. दोन्ही वेळा आत राहिलात तर सेशन खरंच पोचतंय.

## ७. बाकीचे नोड आणि डेटाबेस

पहिला नोड बॅलन्सरमध्ये परत घ्या, दहा-पंधरा मिनिटं खरी वर्दळ येऊ द्या, लॉग बघा, मग दुसरा. या मधल्या वेळात जुना आणि नवा कोड एकाच डेटाबेसवर एकत्र चालतो, आणि इथे दोन गोष्टी फुटतात.

एक म्हणजे कॉलम. नव्या वॉरच्या मायग्रेशनने (डेटाबेसची रचना बदलणाऱ्या स्क्रिप्टने) कॉलमचं नाव बदललं की अजून जुन्या कोडवर असलेले दोन नोड त्याच क्षणी पडतात, त्यांना तुम्ही हातही लावलेला नसतो. या रिलीजमध्ये नवा कॉलम फक्त वाढवायचा, जुना काढायचा तो पुढच्या रिलीजमध्ये. सेशनमधल्या क्लासचंही तसंच: क्लासचा आकार बदलला तर जुन्या नोडवरून आलेलं सेशन नव्याला वाचता येत नाही आणि 'इनव्हॅलिड क्लास'चा एरर येतो. सेशनमध्ये यूजरचा आयडी आणि दोन-चार साध्या किमती ठेवा, अख्खा ऑब्जेक्ट नको.

दुसरी गोष्ट लॉकची. लिक्विबेस (मायग्रेशन चालवणारं साधन) मायग्रेशनच्या आधी एका टेबलमध्ये लॉक लिहितो. नोड सुरू होताना उशीर झाला म्हणून कोणी किल केला तर लॉक तसाच राहतो, आणि त्यानंतर उठणारा प्रत्येक नोड 'वेटिंग फॉर चेंजलॉग लॉक' म्हणत थांबतो आणि शेवटी पडतो. पाहणाऱ्याला वाटतं नवी वॉरच खराब आहे. खात्री करा की खरंच कोणतंही मायग्रेशन चालू नाहीये, मगच लिक्विबेसच्या रिलीज लॉक्स कमांडने तो सोडवा. चालू मायग्रेशनच्या मध्येच सोडवलात तर अर्धं टेबल बदललेलं राहू शकतं.

## ८. मागे फिरायचं असेल तर

आधी ठरवून ठेवा: पहिल्या नोडवर वीस मिनिटांत कारण सापडलं नाही तर जुनी वॉर परत. बाकी दोन नोड जुन्यावरच असतात, ग्राहकाला काही कळतही नाही. मागे फिरताना टप्पा ३, ४ आणि ५ जसेच्या तसे, वॉर फक्त जुनी आणि चेकसम जुना. डेटाबेस मागे नेऊ नका, कॉलम फक्त वाढवला असेल तर जुना कोड त्याच्यासोबत चालतो.

बिघडलेल्या नोडचा लॉग्स फोल्डर, जेस्टॅक आणि ती एक्सएमएल फाइल बाजूला कॉपी करून मगच पुसा, सकाळी त्यातूनच कारण सापडणार आहे.